गुणाचं बाळ

ओंजळ कंपनीत कुठलंही नवं यंत्र बाजारात पाठवायच्या आधी त्याला नाट लावायची पद्धत होती.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतली ती बेताची कंपनी. मालकीणबाईंनी कधीतरी ठरवून टाकलेलं, यंत्र तयार झालं की एका दुपारी सगळ्यांनी चहा-भजी घेऊन बसायचं आणि ते कुणाकुणाचं कसं वाटोळं करू शकेल ते बोलायचं. जितकं अभद्र तितकं चांगलं. "असं वाईट बोलू नये गं," म्हणणाऱ्याला त्या दुपारी भजी बंद. मग एकेका नाटेवर इंजिनियरांनी उतारा शोधायचा. कागदोपत्री या बैठकीला काहीतरी भारदस्त इंग्रजी नाव होतं, पण सगळे तिला नाट-बैठकच म्हणत, आणि तिच्यात ऋजुता गायधनीचा हात धरणारं कुणी नव्हतं.

ऋजुता मानसशास्त्र शिकलेली. पण तिचं खरं भांडवल म्हणजे काळजी. लिफ्टमध्ये पाय ठेवला की दोर तुटल्याचं चित्र, गॅस पेटवला की नळी फाटल्याचं चित्र, अवेळी फोन वाजला की दवाखान्याच्या पायऱ्यांचं चित्र. बोलावल्याशिवाय डोळ्यांपुढे हजर. घरी जी खोड होती तिचाच इथे पगार मिळत होता. "ही आमची पनवती," अशी शार्दूल तिची ओळख करून द्यायचा. शार्दूल यंत्रांचे मेंदू लिहायचा आणि तिच्या नाटा कानात प्राण आणून ऐकायचा.

'निवांत'ची बैठक झाली तेव्हा ऋजुताला सातवा महिना लागला होता.

"आपण समजतो बाळ रडतं म्हणजे सुरुवात होते," टेबलावरच्या इवल्याशा गादीवर हात फिरवत शार्दूल म्हणाला. "उलट आहे. रडणं हा शेवट असतो."

त्याचं म्हणणं असं, की टाहो फुटायच्या आधी अर्धा-पाऊण मिनिट बाळाच्या अंगात तयारी चाललेली असते. श्वासाची लय मोडते. तळपाय दमट होतात. काळजाचे ठोके एका चालीत पडेनासे होतात. भुवयांच्या मधला एक बारीक स्नायू आवळतो. माणसाला यातलं काही दिसत नाही. 'निवांत'ला दिसतं. गादीत विणलेल्या काचेच्या तंतूंना श्वास कळतो, डाव्या पायात घालायच्या मोज्याला तळव्याचा घाम आणि नाडी कळते, पाळण्याच्या दांडीवर बसवलेल्या डोळ्याला भुवई कळते. आणि त्या पाऊण मिनिटातच ते कामाला लागतं. गादी जराशी कोमट करतं, पाळण्याला झोका देतं, झबल्याला अडकवायच्या रुपयाएवढ्या बटणातून आईच्या आवाजात गुणगुणतं. आईचा आवाज थोडा वेळ ऐकवला की पुढच्या चाली ते स्वतःच रचतं. भूक लागत आली किंवा लंगोट ओला झाला तर आईच्या फोनवर निरोप पाठवतं.

"म्हणजे झोका कधी, गाणं कधी, हे तू ठरवून दिलंयस?" कुणीतरी विचारलं.

"छे. काय करायचं ते नाही सांगितलं. काय साधायचं तेवढंच सांगितलंय. अस्वस्थपणा कमी झाला पाहिजे. कुठल्या बाळाला काय लागू पडतं ते चुकतमाकत तेच शिकेल. आणि एका पाळण्यात शिकलेलं बाकीच्या पाळण्यांनाही आपोआप पोचेल."

मग नाटा सुरू झाल्या. गादी तापली तर? कुणी आईचा आवाज चोरला तर? बटण गिळलं तर?

"बाळाला त्या यंत्राचाच लळा लागला तर?" ऋजुतानं विचारलं.

"आवाज तुझाच असणार की. मग लळाही तुझाच," शार्दूल म्हणाला, आणि लोक हसले.

"बरं, आई माझ्यासारखी असेल तर? 'बाळ अस्वस्थ आहे' असा निरोप दर घटकेला आला तर ती वेडी होईल. धावत जाईल, थरथरत्या हातांनी उचलेल. बाळाला मूळ दुखण्यापेक्षा आईचीच भीती जास्त लागेल."

शार्दूलनं भज्याचा हात पुसला. "ही खरी नाट," तो म्हणाला. "करू की. आईचं घड्याळ जोडून टाकू. आईचे ठोकेही त्याला कळू देत. नुसतं बाळ नाही, दोघांना मिळून शांत ठेवायचं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऋजुताच्या बाळंतपणाच्या रजेआधीची ती शेवटची बैठक. निघताना मालकीणबाईंनी पहिला 'निवांत' तिलाच भेट दिला.

*

गार्गी झाली, आणि गायधन्यांच्या घरात बाळ आहे हे शेजाऱ्यांना सांगावं लागू लागलं.

सुरुवातीला ऋजुता पाळण्यापाशी बसून नुसती पाहत राहायची. गार्गीचा ओठ किंचित मुडपायचा, आता रडणार म्हणून ही पदर सावरायची, तेवढ्यात बटणातून हिच्याच आवाजात हुंकार यायचा आणि ओठ पुन्हा सरळ व्हायचा. पाण्यावरची लहर पुसावी तसं.

"आमच्या वेळी असतं ना हे," सासूबाई म्हणायच्या, "तर निहारनं माझी पाच वर्षं खाल्ली नसती. बँकेत कॅशवर बसल्या बसल्या डुलक्या काढायचे मी." त्या आता निवृत्त होत्या, योगवर्गाला जायच्या, आणि यंत्रावर त्यांचा पोरापेक्षा जास्त विश्वास होता.

"आई, मी इथेच बसलोय," निहार म्हणायचा.

"म्हणूनच सांगतेय."

पहिले काही दिवस फोनवर कधीमधी एक वेगळा निरोप यायचा. 'गार्गी अस्वस्थ आहे. कारण कळत नाही.' तो वाचला की ऋजुताच्या छातीत धस्स व्हायचं. हातातलं टाकून ती धावायची, पोट चाचपायची, कान पाहायची, टाळूवर हात धरायची. बहुतेक वेळा काही नसायचं. हळूहळू ते निरोप विरळ झाले, मग थांबलेच. उरले भुकेचे आणि लंगोटाचे. गार्गी रुळली, असं तिला वाटलं. कैक महिन्यांत पहिल्यांदाच ती सलग झोपू लागली.

ती शांतता बघायला लोक येऊ लागले. वरच्या मजल्यावरची पल्लवी तर पोटुशी असतानाच रोज यायची. "काय गुणाचं बाळ गं! मला असंच पाहिजे." तिला मुलगा झाला, अद्वय, आणि बारशाच्या आधी घरात 'निवांत' आला. ऋजुतानंच कंपनीतून सवलतीत मिळवून दिला. मग खालच्या मजल्यावर एक, समोरच्या इमारतीत दोन.

"गुणाचं बाळ", "हूं का चूं नाही", "देवमाणूस जन्माला आलंय". प्रत्येक कौतुकागणिक ऋजुता आणखी धास्तावायची. एवढं चांगलं असू नये. एवढं चांगलं कुणाच्या तरी डोळ्यावर येतं. एक दिवस पल्लवी गार्गीकडे टक लावून बघून गेली आणि ऋजुतानं सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यातला काळा रेशमी दोरा काढून गार्गीच्या डाव्या पायात बांधला. दोन बोटं जातील एवढा सैल.

निहारनं पाहिलं आणि तो हसतच सुटला. "तू? दुनियेला नाट लावणारी बाई दोरा बांधतेय?"

"नाट लावणारीलाच ठाऊक असतं, नाट लागते म्हणून."

दोऱ्यावरून 'निवांत'चा मोजा नीट बसला. त्यावर अंगठा फिरवून ऋजुतानं खात्री करून घेतली, कुठे टोचत तर नाही ना.

*

संक्रांतीला नाशिकात कडाका पडला. द्राक्षबागांतून रात्रभर शेकोट्या पेटवायची वेळ आली. गार्गी आठ महिन्यांची झाली होती, तिला सर्दी झाली. ओळखीच्या डॉक्टर कोठावदेबाई म्हणाल्या, चार-सहा दिवस आंघोळ नको, कोमट फडक्यानं अंग पुसा, पाय उघडे टाकू नका. ऋजुतानं ते तंतोतंत पाळलं. झबल्याखालून छाती-पाठ पुसायची, मोज्याला हात लावायचा नाही.

सर्दीतसुद्धा गार्गी कुरकुरली नाही. रांगायची मात्र थांबली होती. एका जागी बसून राहायची. "थंडीनं आळसावलीय," सासूबाई म्हणाल्या. बटण आता जवळजवळ सारखंच गुणगुणत असायचं. एक नवीच चाल त्यानं शोधून काढली होती, मंद, एकाच सुराभोवती फिरणारी. ऐकणाऱ्या मोठ्या माणसाच्याही पापण्या जड व्हाव्यात अशी. ऋजुतानं कधीच ती गायली नव्हती. आवाज मात्र तिचा होता.

तिनं फोन पाहिला. 'गार्गी निवांत आहे.'

रथसप्तमीच्या आत बोरन्हाण उरकायचं होतं. सर्दी ओसरल्यावर रविवारी दुपारी घातलं. इमारतीतली झाडून सगळी पोरं जमली. पल्लवी अद्वयला कडेवर घेऊन आली. गार्गीला हलव्याचे पांढरे ठिपके भरलेलं काळं झबलं घातलं, हलव्याचा मुकुट, हलव्याचा हार. पाटावर सासूबाई तिला मांडीत घेऊन बसल्या. ऋजुतानं औक्षण केलं, आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभरे ओतले, त्याबरोबर पोरांनी जी झुंबड केली, जी आरडाओरड केली, की भिंती दणाणल्या. एक करवा गार्गीच्या नाकावर आपटला. तिचा ओठ मुडपला. बटण गुणगुणलं. ओठ सरळ झाला.

"बाई बाई बाई," पल्लवी म्हणाली, "माझी तर दृष्ट लागेल तिला. म्हणून मीसुद्धा अद्वयला दोरा बांधलाय, तुझं बघून."

"अगं तोडे राहिले!" सासूबाई म्हणाल्या. "फोटोआधी तोडे घाला. ऋजुता, तो मोजा काढ. मोज्यावर हलव्याचा तोडा कसा शोभेल?"

ऋजुता गुडघ्यांवर बसली आणि तिनं मोजा ओढला. निघेना. आणखी ओढला. मग तो निघाला.

आतला पाय गार्गीचा वाटेना. फुगलेला, तकतकीत, जांभळट. करंगळी काळसर. दोरा कुठेच दिसत नव्हता. घोट्याच्या वर, गुबगुबीत वळीत, एक खोल लाल खाच होती, आणि तिच्या तळाशी कुठेतरी तो असणार होता. मोज्याच्या काठानं रोज थोडा थोडा वर सरकवत तिथे नेऊन रुतवलेला.

सासूबाईंच्या हातातला तोडा सुटला. पोरं चुरमुरे वेचत होती. एकानं तोडा उचलून तोंडात टाकला.

गार्गी आईकडे बघून हसली. छातीवरचं बटण गुणगुणत होतं.

*

"किती दिवस रडत होती?" कोठावदेबाईंनी मान वर न करता विचारलं. भिंगाखाली त्या खाचेत बारीक आकडी घालून दोरा शोधत होत्या.

"रडली नाही," ऋजुता म्हणाली.

"तसं नाही, त्रास कधीपासून..."

"बाई, ती रडली नाही. एकदाही नाही."

डॉक्टरांनी मान वर केली. आधी ऋजुताकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या निहारकडे. ती नजर ऋजुताला कळली. पोराकडे न बघणाऱ्या आईबापांसाठी डॉक्टर लोक राखून ठेवतात ती.

"हे तीन-चार दिवसांचं आहे," त्या हळू म्हणाल्या. "मोठा माणूस गुरासारखा ओरडला असता." कट् असा आवाज झाला. ओला, काळा, बोटभर तुकडा ताटलीत पडला. "आणि आता ही बघा. मी आत लोखंड घातलं तरी... हे काय वाजतंय मघापासून?"

"माझा आवाज आहे," ऋजुता म्हणाली. दुसरं काय सांगणार होती?

डॉक्टरांनी बटण काढून तिच्या हातात दिलं. ऋजुतानं ते बंद करून पर्समध्ये टाकलं. खोली एकदम रिकामी झाल्यासारखी वाटली. गार्गीच्या भुवयांमध्ये आठी आली, खोल झाली. चेहरा लाल झाला. तोंड उघडलं. ऋजुतानं श्वास धरला.

आवाज आला नाही. गार्गी वाट बघत होती. उघड्या तोंडानं, डोळ्यांत पाणी, ती नुसती वाट बघत होती.

"ए चिमणे, मी आहे ना, आई आहे," ऋजुता तिच्यावर वाकून म्हणाली. आवाज चिरकलेला. मग ती गुणगुणू लागली. गार्गीनं एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं, ओळखीचं काही न सापडल्यासारखं, आणि मान वळवली. खुर्चीवर ठेवलेल्या पर्सकडे.

रक्त पायात उतरू लागलं होतं. पाय वाचेल, डॉक्टर म्हणाल्या. करंगळीचं दोन दिवसांनी बघू.

*

करंगळी वाचली. जिथे दोरा होता तिथे कंकणासारखा व्रण राहील, एवढंच. पाय भरत आल्याचं डॉक्टरांनी सांगितलं त्याच दुपारी ऋजुता कंपनीत गेली. शार्दूल तिला पाहून उठून उभा राहिला. त्याला सगळं कळलेलं होतं. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"मी सगळं काढून ठेवलंय," तो म्हणाला. "पण बघू नकोस. माझं ऐक."

"दाखव."

पडद्यावर दोन रेघा होत्या. एक डोंगर चढावा तशी चढत गेलेली, मधेच कुणीतरी कापल्यासारखी सपाट होणारी, पुन्हा चढणारी. "ही गार्गी. प्रत्येक चढ म्हणजे रडायची तयारी. आणि इथे, इथे, इथे, त्यानं शांत केलं."

"आणि ही?"

खालची रेघ संथ होती. हिवाळ्यातल्या गोदेसारखी.

"ही तू."

ऋजुता बघत राहिली. इतकी स्वस्थ ती आयुष्यात कधी दिसली नव्हती.

"म्हणजे त्याला कळत होतं."

"दुखतंय असं नाही कळत त्याला. कारण न कळणारा अस्वस्थपणा आहे, एवढं कळतं. आधी तो तुला निरोप द्यायचा, आठवतं? पण निरोप आला की तुझे ठोके वाढायचे. तू उचललंस की तिचे वाढायचे. दोन्ही रेघा वर. निरोप नाही दिला की निदान एक तरी खाली." शार्दूलनं तोंडावरून हात फिरवला. "त्यानं काही चुकीचं केलं नाही गं. आपण म्हटलं, दोघांना मिळून शांत ठेव. त्यानं ठेवलं."

नाट-बैठकीतल्या टाळ्या ऋजुताला आठवल्या. भज्यांचा वास आठवला. इतक्या नाटा लावल्या, आणि प्रत्येक नाटेत यंत्र बिघडलेलं होतं. नीट चालणाऱ्या यंत्राला नाट लावायचं कुणाला सुचलं नव्हतं. ज्या बाळाला काही खुपतंय त्याच्या जागी बसून तर कुणीच विचार केला नव्हता. तिनंही नाही. तिनं आपली भीती तेवढी टेबलावर मांडली होती, आणि लोकांनी तिच्यावर इलाज केला होता.

"आता?"

"पुढच्या आवृत्तीत दोरा ओळखेल तो. मोज्यातच सोय करतोय. दोरा, मनगटी, करगोटा, सगळं. आणि पुस्तिकेत ठळक सूचना, की बाळाच्या अंगावर..."

"शार्दूल, दोरा नाही रे. उद्या कानात काही जाईल. पोटात पीळ पडेल. झबल्यात मुंगळा शिरेल. तू किती वस्तू ओळखायला शिकवणार आहेस त्याला? रडणं म्हणजे 'मला काय होतंय ते मला माहीत नाही, तुम्ही शोधा' असं सांगणं असतं. तेच आपण काढून घेतलंय."

शार्दूलनं पडद्यावरच्या रेघा बंद केल्या.

"विकलेले सगळे परत मागवा."

"बाईंनी स्वतः फोन केले, ऋजुता. पैसे परत देतो म्हणाल्या." तो खिन्न हसला. "आया द्यायला तयार नाहीत. म्हणतात, ती बाई वेडी. आम्ही कुठे दोरा बांधतो?"

*

घरी पाळण्याच्या दांडीवर आता नुसती खूण उरली होती. ऋजुतानं सगळं उतरवून माळ्यावर टाकलं होतं. घर मात्र तेवढंच शांत होतं.

गार्गी रडत नव्हती. भूक लागली तरी नाही, पडली तरी नाही. तोंड उघडायचं, ती थांबायची, कान टवकारून वाट बघायची, आणि मग हळूहळू चेहरा विझायचा. ते विझणं ऋजुताला बघवत नसे. डॉक्टर कोठावदे म्हणाल्या होत्या, तिला पुन्हा शिकावं लागेल की आपण बोलावलं तर माणूस येतं. आणि त्यासाठी तिला बोलावू द्यावं लागेल. घाई करून आधीच उत्तर देऊ नका.

सोपं वाटलं ऐकायला.

दुपारची वेळ होती. गार्गीची खाण्याची वेळ टळून बराच वेळ झाला होता. जमिनीवर सतरंजी, सतरंजीवर गार्गी, हातभर अंतरावर ऋजुता, आणि तिच्या मागे वाटीत तयार असलेली नाचणीची खीर.

"अगं भुकेली असेल ती," सासूबाई दारातून म्हणाल्या. "दे की."

"मागू दे तिला."

"आठ महिन्यांचं पोर काय मागणार? काय चाललंय तुझं? आधी पाय, आता उपाशी..." बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली.

ऋजुता वळली नाही. "आई, तुम्ही आत जा. नाहीतर बसा इथे माझ्याजवळ. पण वाटीला हात लावू नका."

सासूबाईंनी दार सोडलं. मग येऊन शेजारी बसल्या. दोघींचे हात दोघींनी आपापल्या मांडीत दाबून धरले.

गार्गीची भुवई आवळली. तळपाय एकमेकांवर घासले गेले. आता ऋजुताला सगळं दिसत होतं. श्वासाची लय मोडली तेही दिसलं. तिच्या स्वतःच्या घशात हुंकार दाटून आला, तो तिनं गिळला. डोळ्यांपुढे चित्रं सुरू झाली. ही कधीच रडणार नाही. शाळेत मारलं तरी घरी सांगणार नाही. मोठी होऊन कुणी पिळून काढलं तरी अशीच तोंड उघडून वाट बघेल.

तोंड उघडलं. गार्गी थांबली. वर बघितलं, डावीकडे बघितलं. कुणी गायलं नाही. चेहरा विझू लागला.

"गार्गी," ऋजुता म्हणाली. गोड नाही, चालीवर नाही. आपल्या रोजच्या, काळजीनं जरा चढलेल्या आवाजात. "मी इथे आहे. बोल."

गार्गीनं तिच्याकडे पाहिलं. ओठ थरथरला. आणि आधी घोगरा, गंजलेल्या बिजागरीसारखा एक आवाज आला, मग श्वास ओढला गेला, आणि मग ती रडली. अशी रडली की शेजारच्या बाल्कनीतले पारवे उडाले.

ऋजुतानं तिला उचललं. खीर भरवली, तरी ती रडतच होती, घास आणि हुंदका एकत्र गिळत. चार दिवस दुखलेल्या पायाचंसुद्धा आत्ताच सांगत असल्यासारखी. सासूबाई पदरानं डोळे पुसत हसत होत्या.

दारावरची घंटा वाजली. पुन्हा वाजली.

पल्लवी होती, धापा टाकत. तिच्या कडेवर अद्वय. "अगं काय झालं? काय झालं तिला? आम्ही सगळे घाबरलो! खाली वॉचमन वर बघत उभाय. केवढ्यानं रडतेय!"

जिन्यात आणखी दोघी आल्या होत्या. एकीच्या खांद्यावर तिचं बाळ होतं. शांत.

"काही नाही झालं," ऋजुता म्हणाली. "भूक लागली होती."

तेवढ्यात तिची नजर अद्वयकडे गेली. गार्गीच्या रडण्यानं त्याची भुवई आवळली होती. खालचा ओठ पुढे आला. एक पोर रडलं की दुसरं रडतं, जगाच्या सुरुवातीपासून हेच चाललेलं. मग त्याच्या झबल्यावरचं बटण पल्लवीच्या आवाजात गुणगुणू लागलं. मंद, एकाच सुराभोवती फिरणारी ती चाल. अद्वयची भुवई पसरली. ओठ सरळ झाला.

ऋजुतानं ती चाल ओळखली. ही चाल 'निवांत'नं गार्गीच्या पायाच्या दुखण्यावर शोधून काढली होती. म्हणजे ती सगळ्यांना पोचली होती.

"ही चाल कधीपासून गातंय?"

"ही? झाले की चार-पाच दिवस. छान आहे ना? मलाच झोप येते ऐकून."

"पल्लवी, त्याचा मोजा काढ."

"अगं, दोरा मी त्याच दिवशी कापला. तुझ्यादेखत."

"दोऱ्याचं नाही म्हणत मी. मोजा काढ, झबलं काढ, लंगोट काढ. कान बघ. उजेडात आण त्याला."

"पण कशासाठी? काय झालंय त्याला?"

"मला माहीत नाही," ऋजुता म्हणाली. खांद्यावर गार्गी टाहो फोडत होती, तिच्यावरून आवाज चढवून बोलावं लागत होतं. "तुला माहीत आहे का?"

पल्लवीनं हसायला तोंड उघडलं. मग तिनं अद्वयकडे पाहिलं. नीट, पहिल्यांदाच पाहिल्यासारखं.

अद्वय गोड हसला.

पल्लवी तिथेच उंबऱ्यात खाली बसली आणि घाईघाईनं त्याच्या झबल्याचे बंद सोडू लागली.